किल्ली कोणाच्या खिशात?

दुरुस्तीसाठी बंद केलेले यंत्र अचानक सुरू होते, आत हात घातलेला फिटर चिरडला जातो, आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापन ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ हे ठरलेले तुणतुणे वाजवू लागते. खटका दाबणारा दुसराच असतो; आत माणूस आहे हे त्याला ठाऊकही नसते. मग निष्काळजी कोण?

उपाय जगजाहीर आहे. वीज तोडावी, खटक्याला कुलूप घालावे, किल्ली दुरुस्ती करणाऱ्याच्याच खिशात राहावी. चौघे काम करीत असतील तर कुलपे चार; शेवटचे निघेपर्यंत यंत्र मुके. नुसती पाटी टांगून भागत नाही. दाबाखालचे तेल, वर अडकलेला प्रेसचा जबडा, यांत साठलेली शक्तीही आधी निकामी करावी लागते. भांडवलशाहीची पंढरी जी अमेरिका, तिनेही १९८९ साली हा नियम केला. आपल्या कारखाने अधिनियमाच्या २४व्या कलमात तर चुकून सरकू शकणारा खटका कुलूपबंद करण्याची तरतूद १९७६ सालीच आली होती!

मग घोडे अडते कुठे? यंत्र थांबल्याचा तास मालकाच्या खात्यावर पडतो, तुटलेला हात कामगाराच्या घरी जातो. एवढेच यातले अर्थशास्त्र. २०२०च्या संहितेने तो अधिनियम पोटात घेतला आणि निरीक्षकाला ‘सुविधाकार’ही केले. सुविधा कोणाची, हे सांगणे न लगे.

पण दोष आपलाही आहे. आपल्या युनियनांनी नुकसानभरपाईसाठी मोर्चे काढले, कुलपासाठी नाही. येत्या मागणीपत्रात, बोनसच्याही आधी, ठेकेदाराच्या माणसासह प्रत्येक दुरुस्ती कामगाराला स्वतःचे कुलूप मागा.