मनगटावरची गाठ आणि पारावरचे डॉक्टर

मंडळी, खडू धरून झिजलेल्या माझ्या मनगटावर गाठ आली आणि वसमतच्या पारावर लगेच निदान झालं! एक म्हणे, "गुरुजी, चुना लावा." दुसरा म्हणे, "डाग द्या." तिसऱ्याने थेट कॅन्सरच ठरवला. नांदेडला एमआरआय केला. निघाली कंडरेच्या आवरणातली चरबीची गाठ, लायपोमा. तिथे ती दुर्मिळ, पण निरुपद्रवी. नस दाबून बोटं बधिर होत होती, म्हणून काढली.

पण "चरबीच ती, राहू द्या" म्हणणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. वाढणारी, खोल किंवा पाच सेंटिमीटरहून मोठी गाठ डॉक्टरांना दाखवलीच पाहिजे. चुन्याने कातडी भाजते, गाठ जात नाही. न तपासता धीर देणं आणि न तपासता घाबरवणं, दोन्ही अडाणीपणाच!