फ्रॉइड चुकले असते तर कधी?

व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचा स्वप्नांवरील ग्रंथ १८९९ च्या नोव्हेंबरात बाहेर पडला. (त्यावर साल मात्र १९०० छापले होते!) स्वप्न म्हणजे अबोध मनात दडपलेल्या इच्छेची वेषांतर करून झालेली पूर्ती, असा त्यांचा सिद्धांत.

तो ऐकून त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या एका हुशार बाईंनी दुसऱ्याच दिवशी आपले स्वप्न सांगितले : त्या सासूबाईंबरोबर सुटीला निघाल्या होत्या. प्रत्यक्षात सासूबाईंचा शेजार टळावा म्हणून त्यांनी मुद्दाम दूर जागा घेतलेली! मग इच्छापूर्ती कुठे गेली? फ्रॉइड म्हणाले, माझा सिद्धांत खोटा ठरावा हीच बाईंची इच्छा होती. ती स्वप्नात पुरी झाली.

उत्तर मोठे खुबीदार आहे, पण मला ते पटत नाही. कोणते स्वप्न पडले असते म्हणजे फ्रॉइड चुकले असते? पंचांगात दिलेल्या वेळी ग्रहण लागले नाही, तर गणित चुकले हे तुम्हीही सांगाल. इथे तशी सोयच नाही.

१९५३ साली शिकागोच्या ॲसेरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी झोपलेल्यांचे डोळे पापण्यांआड भराभर हलू लागताच त्यांना उठवून विचारले. २७ पैकी २० वेळा सविस्तर स्वप्न ऐकायला मिळाले. स्वप्नाचा अर्थ त्यातून कळला नाही, हे खरे. पण 'स्वप्न नव्हते' असे उत्तर २७ वेळाही येऊ शकले असते.