हलगी थांबली आणि ‘गेम’ सुरू झाली

मराठी गुंडांच्या बोलीत एखाद्याचा काटा काढण्याला ‘गेम करणे’ म्हणतात. भाषेने करून ठेवलेली ही थट्टा बीड जिल्ह्यात हसण्यावारी नेण्याजोगी उरलेली नाही.

‘डेफ जॅम’ ही अमेरिकेतील रॅप संगीताची कंपनी. रिक रुबिन या विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमधील विद्यापीठाच्या वसतिगृहातल्या खोलीत तिचा संसार मांडला. १९८४ पासून रसेल सिमन्स त्याचा भागीदार. पुढे ‘इलेक्ट्रॉनिक आर्ट्स’ने या कंपनीच्या नावावर मारामारीच्या व्हिडिओ गेम्स काढल्या. २००३ मध्ये ‘व्हेंडेटा’, २००४ मध्ये ‘फाइट फॉर न्यूयॉर्क’, २००७ मध्ये ‘आयकॉन’. त्यांत रॅप गायकच पहिलवान! जिंकलेल्या पैशातून भारी कपडे घ्यायचे, गळ्यात साखळ्या घालायच्या, अंग गोंदवून घ्यायचे. त्याने म्हणे लढवय्याचा रुबाब वाढतो. ‘आयकॉन’मध्ये तर संगीताच्या ठेक्यावर स्फोट होतात आणि प्रतिस्पर्धी उडतो. नवा भाग काढा, असा चाहत्यांचा धोशा तेव्हापासून चालू आहे. बीडच्या पोराला तेवढी वाट पाहण्याचीही गरज नाही. ‘पीएसपी’ यंत्रासाठी २००६ मध्ये निघालेली आवृत्ती आज साध्या मोबाइलवर चालवता येते.

यावर सुशिक्षित घरांतून दोनच सूर ऐकू येतात. एक, ‘बंदी घाला.’ दुसरा, ‘खेळच तो, काय बिघडले?’ दोन्ही सूर सोयीचे आहेत, कारण दोहोंतही वडीलधाऱ्यांना स्वतः काही करावे लागत नाही.

गाणे आणि झुंज यांची जोडी आपल्याला परकी आहे काय? गावोगावच्या फडात हलगी कडाडल्याशिवाय कुस्तीला रंग चढत नाही. कलगी आणि तुरा हे दोन पक्ष रात्र-रात्र सवाल-जवाबात एकमेकांना अडवीत असत. हार-जीत व्हायची ती शब्दांनी. हिप-हॉपही १९७३ च्या सुमारास ब्रॉन्क्समधल्या उपेक्षित कृष्णवर्णीय वस्त्यांत जन्मले, आणि तिथल्या टोळ्यांतल्या तरुणांना हाणामारीऐवजी नाच-गाण्यात ईर्ष्या भागवण्याची वाट त्याने दाखवली. हे श्रेय त्या तरुणांना द्यायलाच हवे. बाजाराने मात्र ही गंगा उलटी वाहवली. मुठीतून शब्दात आलेली झुंज पुन्हा मुठीत नेऊन तिच्यावर किमतीची चिठ्ठी डकवली.

आखाड्यातही माणूस माणसाला आपटतोच. परंतु तिथे वस्ताद असतो, पंच असतो, मारुतीपुढे वाकल्याशिवाय लाल मातीत पाऊल पडत नाही. पाठ टेकली की झुंज संपली. पडलेल्याला उठवून त्याच्या पाठीवरची माती झाडणे हाही कुस्तीचाच भाग. रेवडीच्या कुस्तीत उतरणारे आठ वर्षांचे पोर हे सारे न शिकवता शिकते. शिवाय त्याला पडल्यावर लागते, आणि म्हणूनच दुसऱ्याला किती लागेल हेही कळते. बोटाने बटण दाबणाऱ्याला हे कोण सांगणार?

बीडमध्ये तर सांगणारेच घरी नसतात. दसरा उलटला की ऊसतोड मजुरांच्या टोळ्या गावे सोडतात. मागे उरतात म्हातारी माणसे, शाळकरी पोरे आणि एक मोबाइल. या पोरांसाठी २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृह योजना आली. छप्पर ही मोठीच गोष्ट. पण संध्याकाळी पाच ते आठ पोरांनी करायचे काय, हा प्रश्न छपराने सुटत नाही.

९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे अपहरण होऊन हत्या झाली. आरोपपत्रासोबतची मारहाणीची छायाचित्रे मार्च २०२५ मध्ये बाहेर आली आणि महाराष्ट्र हादरला. त्या क्रौर्याचे खापर एखाद्या गेमवर फोडणे हा शुद्ध पळपुटेपणा ठरेल. पण मारताना चित्रीकरण करावेसे वाटते, यातच रोगाचे निदान आहे. मारणे हा तमाशा झाला आहे. वस्तादाविना वाढलेल्या पिढीपुढे मर्दुमकीचे दुसरे रूप कुणी ठेवलेच नाही.

खरे तर ते रूप याच जिल्ह्यात आहे. पाटोद्याच्या राहुल आवारेने वडिलांकडून कुस्तीचे धडे घेतले. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकले. पण त्याला घडण्यासाठी पुण्याच्या तालमीत, हरिश्चंद्र बिराजदार मामांच्या हाताखाली जावे लागले. बीडचा मल्ल बीडमध्ये पुरता घडू नये, याची लाज सत्काराचे फलक उभारणाऱ्यांना वाटली काय? फलकांवर खर्च झालेल्या पैशात मॅटच्या किती जोड्या आल्या असत्या!

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांच्या खेळांना बंदी, ई-स्पोर्ट्सला मान्यता. ठीक आहे. दिल्लीने पडद्यावरच्या खेळाला दर्जा दिला. मातीतल्या खेळाला दर्जा कोण देणार? तालुक्याला एक तरी तालीम, तिच्यात मानधनावर नेमलेला वस्ताद, वसतिगृहातल्या पोरांना रोज दूध आणि मूठभर बदाम, आणि जत्रेच्या फडात डीजेऐवजी हलगीवाला, त्याच्या पुऱ्या बिदागीसह. जिल्हा परिषद, साखर कारखाने आणि गावोगावची जत्रा मंडळे यांच्या आवाक्यातले हे काम आहे. पुढच्या दसऱ्याला टोळ्या निघतील तेव्हा मागे राहणाऱ्या पोराच्या हाती लंगोट द्यायचा की मोबाइल, हे त्यांनीच ठरवायचे आहे.