उडीद पाठवलात, आता फिल्म पाठवा

मा. संचालक,
भाभा अणुसंशोधन केंद्र, ट्रॉम्बे, मुंबई यांस,



रिसोडहून लिहितो आहे. तुमची-आमची ओळख जुनी. १९८५ साली आलेल्या टीएयू-१ या वाणातला टी ट्रॉम्बेचा, ए अकोल्याचा, यू उडदाचा. तेव्हा आमचं वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं. पुढे टीएजी-२४ भुईमूगही असाच आला. तुमचं नाव निघालं की मुंबईकराला अणुभट्टी आठवते, आमच्या कास्तकाराला बियाण्याची थैली. म्हणून जरा हक्कानं मागतो.

मागणं रेडॉनबद्दलचं आहे. जमिनीतल्या युरेनियमचं झिजत झिजत रेडियम होतं आणि रेडियमपासून हा वायू. रंग नाही, वास नाही. फरशीच्या सांध्यांतून, भुईच्या भेगांतून घरात शिरतो आणि बंद खोलीत साचतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं फुप्फुसाच्या कर्करोगातले ३ ते १४ टक्के रोगी रेडॉनमुळे होतात, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याला हा धोका न ओढणाऱ्याच्या सुमारे २५ पट.

आमचे जुने लोक धान्याच्या पेवात उतरण्याआधी दिवा सोडून बघत. विझला, तर कोणी उतरायचं नाही. रेडॉननं दिवा विझत नाही. १९८४ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला एक अभियंता अणुवीज केंद्रात कामाला गेला की किरणोत्साराचा भोंगा वाजू लागे. केंद्र अजून सुरूही झालं नव्हतं. घरातल्या रेडॉनचा किरणोत्सार तो अंगावर घेऊन येत होता!

घाबरवायला हे लिहीत नाही. आमची काळी माती बेसॉल्टची. ग्रॅनाइटच्या मानानं त्यात युरेनियम कमी. आकडे बहुधा खालीच येतील. पण खडकावरून अंदाज बांधता येतो, घराचा आकडा घरातच मोजावा लागतो. शेजारशेजारच्या दोन घरांतही तो वेगळा निघतो. त्यात आमची राहणी बघा: भाव चढेल या आशेवर सोयाबीनचे कट्टे खिडकी झाकेपर्यंत रचलेले, थंडीमुळे दार लावलेलं, आणि त्याच खोलीत म्हातारी माणसं झोपलेली. कास्तकाराला २०१५पासून मातीची आरोग्य पत्रिका मिळते. ज्या खोलीत तो निजतो तिची हवा मात्र कोणी तपासलेली नाही.

तुम्ही बनवलेली सूक्ष्म छिद्रांची डबी याच कामाची. आत एलआर-११५ फिल्मचा तुकडा; ना वीज, ना यंत्र. तीन महिने टांगायची. रेडॉनमधून निघणारे अल्फा कण फिल्मवर खुणा सोडतात, त्या प्रयोगशाळेत कॉस्टिक सोड्यानं उठवून मोजतात. आमच्या तालुक्यात करड्याला कृषी विज्ञान केंद्र आहे, कास्तकाराच्या पायाखालची वाट. डब्या तिथून वाटाव्यात, तिथेच गोळा कराव्यात. सुरुवातीला पन्नास घरं पुरेत: काही मातीची, काही फरशीची, काही नव्या स्लॅबची.

एक अट मात्र आमची. निकाल घरमालकाच्या हातात मराठीत पडावा. जागतिक आरोग्य संघटनेची घनमीटरला १०० बेकेरेलची पातळी शेजारी छापलेली असावी. आकडा त्यावर गेला तर भेगा कशा बुजवायच्या, हवा कुठून खेळवायची, हेही त्याच कागदावर हवं. नुसता शोधनिबंध निघाला, तर आमच्या खोलीत फरक पडणार नाही.

सोयाबीनची सुगी ऑक्टोबरात येते. कट्टे रचायच्या आत डब्या टांगल्या जाव्यात, एवढी विनंती.

आपला,
रिसोडचा एक कास्तकार