पखुर्डीचे रिकामे हंगाम

पखुर्डी हा उघड्या माळाचा पक्षी. आकार पारव्याएवढा, शेपटीच्या मधली दोन पिसे काडीसारखी लांब आणि टोकदार, अंगाचा रंग वाळल्या मुरमाचा. ती जमिनीला चिकटून बसली, की चार पावलांवरूनही नजरेला सापडत नाही. गुजरातीत तिला बटावडो म्हणतात, हिंदीत भट तितर. इंग्रजांनी मात्र आपल्या मायदेशातल्या ग्राऊस पक्ष्याचे नाव तिला जोडले, कारण तिच्याही पायांवर थेट बोटांपर्यंत बारीक पिसे असतात. नाते एवढ्यापुरतेच. ग्राऊस हा कोंबड्यांच्या गोतातला, तर पखुर्डी पारव्यांना जवळची. खरा ग्राऊस भारतात कुठेच नाही.

सुरतेचा मुलूख हा या पक्ष्याच्या राज्याचा ओला काठ आहे. पश्चिमेला सौराष्ट्र आणि कच्छ, पूर्वेला खानदेश, हे तिचे खरे देश. तापीच्या काठाने सुरतेहून वर निघाले की पाऊस आधी वाढत जातो, आणि सोनगडचे डोंगर मागे पडून नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा आले की उतरत जातो. १९०० च्या सुमारास झालेल्या ताप्ती व्हॅली रेल्वेने हे दोन्ही टप्पे एका रुळावर जोडले. आज लिंबायत-उधन्यात राहणाऱ्या खानदेशी कुटुंबांची गावे याच रुळाच्या दुसऱ्या टोकाला आहेत, आणि तिथल्या जुन्या माणसांना पखुर्डी हे नाव समजावून सांगावे लागत नाही.

मुंबई इलाख्यात पखुर्डीची शिकार दोन तऱ्हांनी होई. पहिली पाणवठ्यावर दबा धरून. पखुर्डी कोरडा दाणा खाते, त्यामुळे तिला रोज पाणी लागते, आणि पाण्यावर येण्याची तिची वेळ सहसा चुकत नाही: सूर्य उगवल्यावर साधारण दोन तासांनी, कधी पुन्हा मावळतीआधी. तिची बहीण रंगीत पखुर्डी खडकाळ टेकड्यांत राहते आणि पहाटेच्या किंवा सांजेच्या अंधुक उजेडात पाण्यावर येते. ही वेळ साधून काठावर बंदुका घेऊन बसले की थवेच्या थवे समोर येत. इलाख्याबाहेर, बिकानेरच्या महाराजा गंगासिंहांच्या गजनेर तलावावरच्या शाही मेजवान्या अशाच मोठमोठ्या आकड्यांसाठी गाजल्या. तहानेने आलेल्या पक्ष्यावर असे बार टाकण्याला शिकार म्हणणे जड जाते.

दुसरी तऱ्हा पायी. थंडीत कलेक्टर आणि इतर अधिकारी तंबू घेऊन जिल्ह्याच्या दौऱ्यावर निघत, आणि कामाआधीची सकाळ माळावर जाई. दोघे-चौघे एका ओळीत, एकमेकांपासून वीस-तीस पावले सोडून, ज्वारीच्या धसकटांतून आणि मुरमाड पडीतून चालत. पखुर्डी उंच गवतात बसत नाही, तिला उघडी जमीन लागते. रंगीत पखुर्डी तर पायाखाली येईपर्यंत हलत नाही. मग एकदम पंखांचा फडफडाट होतो, पक्षी जमिनीलगत वळण घेतो, आणि बाराबोअर बंदूक खांद्याला लागेपर्यंत झुडपाआड गेलेला असतो. तितराची रीत उलटी. तो उडण्याआधी पळतो, माणसाला बांधामागून बांध चालायला लावतो, आणि कुत्रा सोबत नसेल तर शेवटी बोराटीत नाहीसा होतो. रानलाव्यांचा थवा पायांपाशीच फुटतो आणि सगळ्या दिशांना उधळतो. कुणावर नेम धरावा हेच कळत नाही. पाच-सहा मैल चालून पाच-सहा पक्षी, हा पायी शिकारीचा बरा दिवस.

बंदुकीआधी आणि बंदुकीबरोबरही माळावर चालणारे खरे जाणकार फासेपारधी होते. फाशांची लांब ओळ जमिनीत रोवायची, पिंजऱ्यातला पाळीव तितर बोलू द्यायचा, आणि त्याला उत्तर देत धावत आलेला रानतितर फाशात घ्यायचा, ही त्यांची कला. काही पारधी शिकवलेल्या गायीच्या आडून पक्ष्याजवळ जात. गाय चरत पुढे सरके आणि तिच्या पायांमागून माणूस. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, त्या यादीत पारधीही गेले, आणि तो शिक्का १९५२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत राहिला. गोऱ्या शिकाऱ्याला तितर कुठे आहे हे दाखवणारा माणूस सरकारी दफ्तरात गुन्हेगार होता. ही नोंद शिकारीच्या इतिहासातून वगळता येत नाही.

रिकामा हंगाम म्हणजे असे माळ पालथे घालूनही पिशवी हलकीच राहणारा हिवाळा. त्याची कारणे पक्ष्याच्या दिनक्रमात दडलेली असतात, आणि ती पायी फिरणाऱ्यालाच नीट समजतात.

पहिले कारण पाणी, तेही जास्तीचे. पाऊस भरपूर झाला आणि नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत प्रत्येक खाचेत, ओघळीत डबके राहिले, की पखुर्ड्यांना ठरावीक पाणवठ्याकडे येण्याची गरज उरत नाही. थवे विखुरतात. पक्षी तितकेच असतील, पण दहा मैलांवर पसरलेले. पाऊस बेताचा झाला आणि एकच तळे उरले, की तेच पक्षी एका जागी गोळा होतात आणि माणसाला वाटते यंदा पखुर्ड्या फार. म्हणजे शिकाऱ्याचे चांगले वर्ष पक्ष्याला अडचणीचे असू शकते, आणि शिकाऱ्याचा निराशेचा हंगाम पक्ष्याचा सुखाचा.

दुसरे कारण गवत. चांगल्या पावसानंतर माळ कमरेएवढा वाढतो. तितर आणि लावे त्यात असतात, पण दिसत नाहीत. पखुर्डी तर असली जमीन सोडूनच जाते.

तिसरे कारण घरट्याचे, आणि तिथे निराशा खरी असते. पखुर्डी घरटे बांधत नाही. मुरमात एक उथळ खळगी, त्यात बहुधा तीन अंडी, ठिपक्यांची, आजूबाजूच्या खड्यांत मिसळून जाणारी. दिवसा मादी बसते, रात्री नर. उन्हाळ्याच्या शेवटी घातलेल्या अंड्यांवर जूनची पहिली मोठी सर कोसळली, तर त्या खळगीचे तळे होते. उलट दुष्काळात तणाचे बी धरत नाही, खळ्यावर दाणा सांडत नाही, आणि थवे मुलूख सोडतात. १८९९-१९०० चा दुष्काळ, ज्याला गुजरातेत छप्पनियो म्हणतात, तो गुजरात आणि खानदेशाला एकदमच भोवला. अशा वर्षी माणसाच्या भाकरीपुढे पक्ष्यांची मोजदाद कोण ठेवणार.

पिलांच्या बाबतीत या कुळाची एक गोष्ट इतकी विलक्षण आहे, की ती प्रथम सांगणाऱ्यावर बराच काळ फारसा विश्वास बसला नाही. नर पाणवठ्यावर उतरतो, पोट पाण्यात बुडवून अंग हलवत राहतो, आणि ओल्या पिसांनिशी मैलोगणती उडून पिलांकडे परततो. तो उभा राहतो आणि पिले त्याच्या पोटाखाली शिरून पिसांतले पाणी चोचीने ओढून घेतात. मीड-वॉल्डो या इंग्रज पक्षीपालकाने १८९६ मध्ये पिंजऱ्यातल्या पक्ष्यांवरून हे नोंदवले. केड आणि मॅक्लीन यांनी १९६७ मध्ये आफ्रिकेतल्या कालाहारीत त्याची खातरजमा केली. त्या भागातल्या जातीच्या नराच्या पोटावरची पिसे एका वेळी सुमारे २५ मिलिलिटर पाणी धरतात. पाच चमचे. पाणवठ्यावर दबा धरणारा शिकारी नर टिपत असेल, तर मागे कोण तहानलेले राहत असेल, याचा हिशेब मृत पक्ष्यांच्या आकड्यात कधीच आला नाही.

ग्राऊसच्या मूळ देशात रिकाम्या हंगामाची चौकशी थेट सरकारदरबारी झाली. स्कॉटलंडच्या माळांवर १२ ऑगस्टला शिकार सुरू होते, आणि दर काही वर्षांनी पक्षी अचानक घटत. लॉर्ड लोव्हॅट यांच्या समितीने १९०५ ते १९११ अशी सहा वर्षे याचा तपास केला आणि आतड्यातल्या एका बारीक जंताकडे बोट दाखवले. त्या कामातला निसर्गशास्त्रज्ञ एडवर्ड विल्सन पुढे कॅप्टन स्कॉटबरोबर दक्षिण ध्रुवावर गेला आणि १९१२ मध्ये परततानाच मरण पावला. पखुर्डीच्या वाट्याला अशी समिती आली नाही. तिच्याबद्दलचे ज्ञान शिकाऱ्यांच्या नोंदवह्यांत, आणि १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात साठत गेले. पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी १९४० च्या दशकात गुजरातचे पक्षी पाहिले, तेव्हा नवसारी, व्यारा, सोनगड हा भाग अजून गायकवाडांच्या बडोदे संस्थानात होता. सालिम अली स्वतः लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने चिमण्या मारणारे. त्यातल्याच एका पिवळ्या गळ्याच्या चिमणीने त्यांना सोसायटीच्या दारात नेले.

कायदा टप्प्याटप्प्याने आवळत गेला. १८८७ आणि १९१२ चे ब्रिटिश कायदे मुख्यतः विणीच्या काळापुरते होते. १९५१ च्या मुंबई राज्याच्या कायद्याने परवाने आणि बंद हंगाम घातले. सुरत तेव्हा मुंबई राज्यात होती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यातही पक्ष्यांच्या शिकारीला परवान्याची वाट काही अंशी शिल्लक होती. ती १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाली. तेव्हापासून पखुर्डी, तितर, लावा यांच्यावर बार टाकणे हा सरळ गुन्हा आहे, आणि तसाच तो असावा.

पण बंदुका थांबल्या तरी माळ रिकामेच राहिले. १९५० च्या दशकात काकरापारचा बंधारा आणि १९७२ मध्ये उकाई धरण झाले. बारडोली, कामरेज, ओलपाड या भागांत कालव्याचे पाणी बारमाही आले, ज्वारी आणि कापसाच्या जागी ऊस उभा राहिला. शेतकऱ्याला त्याने उभे केले, यात शंका नाही. पण उसाच्या फडात पखुर्डीला उतरायला वीतभर मोकळी जमीन नसते, धसकटे नसतात, सांडलेला दाणा नसतो. जो माळ उरला, तो महसुली दफ्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदला गेला, आणि पडीक म्हटले की कारखाना, प्लॉट किंवा झाडे लावण्याची मोहीम यांना मोकळी वाट मिळते. खुल्या माळावर झाडांच्या रांगा लावणे हे पखुर्डीला बेघर करणेच आहे, हे अजून फार थोड्यांना पटते.

या बदलाचे माप दुसऱ्या एका पक्ष्यावरून घेता येते. जेम्स फोर्ब्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर अठराव्या शतकात भडोचला होता. १८१३ मध्ये छापलेल्या आपल्या आठवणींत त्याने खडमोराच्या मांसाची चव हिंदुस्थानातल्या सगळ्या रानपक्ष्यांहून वरची ठरवली आहे. खडमोर म्हणजे मराठीतला तणमोर. आज तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत मोजला जातो.

पखुर्डीची तशी वेळ आलेली नाही. तापीच्या वरच्या अंगाला, जिथे कालवा पोहोचला नाही आणि मेंढ्या गवत कापल्यासारखे चरतात, तिथे ती अजून आहे. तिथल्या एखाद्या उथळ बंधाऱ्यावर जानेवारीत सकाळी नऊच्या सुमारास जाऊन बसावे. आधी उंचावरून घोगरा, दोन तुकड्यांतला आवाज येतो. मग थवा गिरकी घेऊन काठापासून थोडा दूर उतरतो, चालत पाण्यापर्यंत येतो, चोची बुडवतो, आणि बघता बघता पुन्हा हवेत असतो. जानेवारीऐवजी उन्हाळ्यात गेले तर एखादा नर मागे राहतो आणि पोट पाण्यात टेकवून बसतो.