हात चालू लागला, बोलण्याचे काय?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेला रुग्ण रुग्णालयातून घरी येतो, तेव्हा त्याच्या कागदांत औषधांची यादी असते, रक्तदाब आणि साखरेच्या तपासणीच्या तारखा असतात आणि बहुतेक वेळा फिजिओथेरपीचा सल्लाही असतो. चार दिवसांत हातापायांचे व्यायाम सुरू होतात. पण ज्याचे बोलणे गेले आहे, त्याच्या बोलण्याविषयी घरच्यांना बहुधा एकच उत्तर मिळालेले असते : ‘येईल हळूहळू.’ काहींचे येतेही. अनेकांचे अर्धवट येऊन थांबते आणि तोवर घराने त्यांच्याशी बोलणेच कमी केलेले असते.

पक्षाघात झालेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांना ‘वाचाघात’ होतो. डॉक्टर त्याला ‘अफेझिया’ म्हणतात. बहुतेक माणसांत भाषेचा कारभार मेंदूच्या डाव्या भागाकडे असतो. तिथला रक्तपुरवठा तुटला, की उजवा हात-पाय लुळा पडतो आणि अनेकदा भाषाही विस्कटते. जीभ-ओठांचे स्नायू दुबळे होऊन उच्चार बोबडे होणे ही वेगळी तक्रार. वाचाघातात शब्दच सापडत नाही. समोर पेला दिसतो, तो कशासाठी असतो हे ठाऊक असते, पण ‘पेला’ हा शब्द ओठांवर येत नाही किंवा त्याच्या जागी ‘चमचा’ बाहेर पडतो. काहींची वाक्ये तुटतात : ‘उद्या... मुलगा... पुणे.’ प्रत्यय गळतात, क्रियापद हरवते. काही जण सरसर बोलतात, पण त्याचा अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट उमगत नाही. ‘बोलता येत नाही, तर लिहून दाखवा’ म्हणून पाटी पुढे करण्याचाही फारसा उपयोग होत नाही, कारण लिहिणे-वाचणे हीदेखील भाषाच.

यातला सर्वांत मोठा गैरसमज बुद्धीविषयीचा आहे. पाणी मागता न येणारा रुग्ण गणपतीची आरती सलग म्हणतो, पाढे म्हणतो, कधी अस्सल शिवीही हासडतो. वर्षानुवर्षे घोटून तोंडात बसलेले बोलणे मेंदू वेगळ्या वाटेने बाहेर काढतो, म्हणून हे घडते. घरच्यांना मात्र वाटते, एक तर हे नाटक आहे किंवा डोक्यावर परिणाम झाला आहे. मग त्याच्यासमोरच त्याच्याविषयी बोलणे सुरू होते. शेत कोणी कसायचे, ठेव मोडायची की नाही, हे त्याला न विचारता ठरते. विचारले तरी मनात ‘नाही’ असताना तोंडून ‘हो’ निघू शकते आणि तोच होकार धरला जातो.

फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये लबोर्ञ नावाच्या ज्या रुग्णाची नोंद केली, तो कोणत्याही प्रश्नाला बहुधा ‘तां, तां’ एवढेच म्हणे. या रुग्णालयात किती वर्षे आहेस, असे विचारल्यावर त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि एक बोट दाखवले. एकवीस वर्षे. उत्तर बरोबर होते. भाषा जाणे म्हणजे अक्कल जाणे नव्हे, हे दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या नोंदीतच दिसते.

वाचा-उपचार म्हणजे लहान मुलासारखी बाराखडी गिरवणे, अशीही एक समजूत आहे. प्रत्यक्षात उपचारतज्ज्ञ आधी तपासतो, की साखळी कुठे तुटली आहे : समजण्यात, शब्द शोधण्यात, वाक्य जुळवण्यात की उच्चारात. त्यानुसार काम ठरते. शब्द अडला, तर पहिला ध्वनी सुचवला जातो. ती वस्तू कुठे ठेवतात, कशाला लागते, कशासारखी असते, असे विचारत शब्दाच्या आसपासच्या वाटा पुन्हा तुडवल्या जातात. काहींना तालासुरात म्हटलेली छोटी वाक्ये आधी जमतात. बोलणे फारच मर्यादित असेल, तर चित्रे, खुणा आणि हावभावांची मदत घेतली जाते. घरी मराठी आणि कामावर हिंदी किंवा इंग्रजी बोलणाऱ्याची तपासणी एकाच भाषेत उरकली, तर त्याचे अर्धे सामर्थ्य नजरेआड होते. गिळण्याची तपासणीही याच तज्ज्ञाच्या कामात येते. सुरुवातीच्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळताना त्रास होतो आणि घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेल्यास न्यूमोनियाचा धोका असतो.

याचा उपयोग होतो का? 2016 च्या कॉक्रेन आढाव्यात 57 चाचण्या आणि सुमारे तीन हजार रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. उपचार न घेणाऱ्यांपेक्षा घेणाऱ्यांचे रोजच्या व्यवहारातले बोलणे, वाचणे आणि लिहिणे अधिक सुधारले होते. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक असतो, हे खरे. पण ‘सहा महिने उलटले, आता काही होणार नाही’ हे खरे नाही. झटक्याला सहा महिन्यांहून अधिक काळ लोटलेल्या दीडशेहून अधिक रुग्णांना जर्मनीत तीन आठवडे, आठवड्याला किमान दहा तास उपचार दिले गेले. त्यांचे बोलणे सुधारले. या बाबतचा अहवाल 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. मात्र वाचा-उपचार हा जादूचा मंत्र नाही. मेंदूची इजा मोठी असेल, तर पूर्वीसारखे अस्खलित बोलणे परत येईलच असे नाही. पण चहा हवा की पाणी, कुठे दुखते, जमिनीच्या कागदावर सही करायची की नाही, हे सांगता येणे ही थोडी कमाई नव्हे.

ही कमाई वाट्याला येणे आज पत्त्यावर अवलंबून आहे. मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, नायर रुग्णालयातला विभाग आहे, मोठ्या शहरांत खासगी तज्ज्ञ आहेत. तालुक्याच्या गावातल्या रुग्णाने आठवड्यातून तीनदा कुठे जायचे? बालस्वास्थ्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2013 मध्ये पालघरहून सुरू झाला. त्याच्या जिल्हा केंद्रांच्या आराखड्यात वाचा-उपचारतज्ज्ञाचे पद आहे, पण ते मुलांसाठी. जिल्ह्याला मुलांसाठी असा तज्ज्ञ लागतो हे सरकारला पटले असेल, तर त्याच जिल्ह्यातल्या पक्षाघाताच्या रुग्णांसाठीही एक पद मंजूर करण्यात अडचण नसावी. पहिली तपासणी समोरासमोर आणि पुढची सत्रे व्हिडिओ कॉलवर, अशी सोय केली तर एका तज्ज्ञाला अनेक तालुक्यांपर्यंत पोहोचता येईल. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचाघातामुळे आलेले कायमचे वाचा व भाषेचे अपंगत्व मान्य केले आहे. कायद्यात जागा मिळाली, पण रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर अजून मिळालेली नाही.

तज्ज्ञाचा तास संपला की उरलेला दिवस घराचा असतो. तिथे काही साध्या गोष्टी हाताशी आहेत. टीव्ही बंद करून समोर बसावे. एका वेळी एकच गोष्ट, छोट्या वाक्यात बोलावी. ओरडून बोलू नये. कान ठीक असतात. ‘काय खाणार?’पेक्षा ‘पोळी की भात?’ असे विचारावे आणि शक्य तर दोन्ही दाखवावे. शब्द अडला की लगेच पुरवू नये, थोडे थांबावे. समजले नसेल, तर समजल्याचे सोंग करू नये. आणि बाबांविषयी कोणी विचारले, तर उत्तर देण्याची पहिली संधी बाबांनाच द्यावी.

हे सारे वेळेवर सुरू व्हायचे, तर सुरुवात रुग्णालयातच व्हायला हवी. पक्षाघाताच्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर औषधे आणि व्यायामांच्या खाली आणखी एक ओळ सक्तीची असावी : बोलणे, समजणे आणि गिळणे तपासले का, आणि पुढे कुठे जायचे. ती ओळ येईपर्यंत नातेवाइकांनी घरी निघण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःच विचारावा. रुग्णाला तो विचारता येत नाही.