‘दादा घरचाच आहे’ एवढे पुरेसे नाही

बारा वर्षांचा मुलगा. महिनाभर संध्याकाळी पोट दुखते म्हणून आईने ओपीडीत आणलेला. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळे नॉर्मल. सोमवारी मात्र दुखत नसे. ‘सोमवारी काय वेगळे असते रे?’ असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘सरावाला सुट्टी.’ हळूहळू पथकातल्या एका दादाचे नाव पुढे आले. आई म्हणाली, ‘अहो डॉक्टर, तो तर घरचाच आहे.’

आम्ही पोलिसांना कळवले. दुसऱ्या दिवशी दोन ज्येष्ठ कार्यकर्ते भेटायला आले. ‘मंडळाचे नाव खराब होईल, आपसात मिटवू.’

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७ च्या अहवालात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना बोलते केले होते. निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले होते.

ढोल-ताशा पथके, व्यायामशाळा, उन्हाळी शिबिरे, ट्रेकिंगचे ग्रुप यांनी मुलांना मैदान आणि मित्र दिले आहेत. बहुतेक कार्यकर्ते पदरमोड करून राबतात, हे मी जाणतो. पण पोक्सोच्या २०२० च्या नियमांत मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना सांगितलेली पोलिस पडताळणी आहे ती कर्मचाऱ्यांची. मानधन न घेणारा स्वयंसेवक पगारपत्रकावर नसतो, म्हणून त्याच्याबद्दल कोणी विचारतच नाही. फुकट काम करतो, ही काही चारित्र्याची हमी झाली नाही.

पडताळणी स्वयंसेवकांचीही व्हावी. मात्र तिच्यात सापडतो तो आधी पकडला गेलेलाच. खरे संरक्षण रोजच्या शिस्तीत आहे. कोणताही मोठा माणूस एकट्या मुलासोबत बंद खोलीत किंवा गाडीवर नको. मुक्कामात मोठ्यांची झोपण्याची जागा वेगळी. मुलांना खासगी मेसेज नाहीत, निरोप पालकांच्या ग्रुपवरच. तक्रार कोणाकडे करायची, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगावे. या नियमांमुळे प्रामाणिक कार्यकर्त्यालाही खोट्या संशयापासून संरक्षण मिळते.

‘आपसात मिटवू’ म्हणणाऱ्यांनी कायदा वाचावा. अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणे हा पोक्सो कायद्याच्या कलम २१ नुसार गुन्हा आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा लपवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो, मग संस्थेचे नाव काहीही असो.

पालकांना डॉक्टर म्हणून दोन गोष्टी सांगतो. मूल बोलले तर आधी विश्वास ठेवा. तपासणीत जखम दिसली नाही म्हणून ते खोटे ठरत नाही, बहुतेक मुलांत जखम दिसतच नाही. आणि लगेच रुग्णालयात या. एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. तातडीच्या उपचारांसाठी पोलिसांचा कागद मागता येत नाही. कोणाकडे जावे सुचत नसेल, तर १०९८ ही चाइल्डलाइन आहे.

पुढच्या शिबिराचा फॉर्म भरताना फी आणि जेवणाबरोबर एवढेही विचारा: रात्री मुलांजवळ कोण असते आणि त्यांची तक्रार कोण ऐकतो? चांगल्या संस्थेला या प्रश्नाचा राग येणार नाही.